सर्व्हर मंदावला, दोष कोणाचा?
लोडचा आकडा पाहून घाईने नवे यंत्र घेण्यापूर्वी करावयाची तपासणी

प्रतिनिधी

वास्तुविशारदांचे पंचवीस जणांचे एक कार्यालय आहे, असे समजूया. सगळे नकाशे, अंदाजपत्रके आणि पत्रव्यवहार आतल्या खोलीतील एका लिनक्स सर्व्हरवर ठेवलेला आहे. काल दोन सेकंदांत उघडणारा नकाशा आज मिनिटभर उघडत नाही. बदल जतन करावयास जावे, तर पडदा गोठतो. देखभाल करणारा तंत्रज्ञ येतो, सर्व्हरवर ‘टॉप’ ही आज्ञा देतो आणि आकडा वाचतो : लोड १८. ‘यंत्रावर ताण फार आहे, नवा सर्व्हर घ्यावा लागेल,’ असा निर्णय पाच मिनिटांत होतो. त्याच पडद्यावर दोन ओळी खाली प्रोसेसर प्रत्यक्ष कामात जेमतेम सहा टक्के गुंतला असल्याची नोंद असते. ती मात्र कोणी वाचत नाही.

लोड अठरा आणि प्रोसेसर रिकामा, या विसंगतीतच बहुतेक वेळा खऱ्या कारणाचा धागा असतो. तो न पकडता नवे यंत्र घेतले तर पैसे जातात आणि दुखणे राहते. त्याहून वाईट म्हणजे, महाजालावर सापडलेली एखादी ‘वेग वाढवा’ छापाची कळ फिरवली तर वेग येतो आणि माहितीची सुरक्षितता जाते. म्हणून ही तपासणी कोणत्या क्रमाने करावी, कोणता आकडा काय सांगतो आणि कोणत्या उपायाची किंमत काय, याचा हा आढावा.

सामायिक फाइलींच्या दोन वाटा

लिनक्स सर्व्हरवरील फाइली इतर संगणकांना उपलब्ध करून देण्याच्या दोन वाटा प्रामुख्याने रूढ आहेत. पहिली एनएफएस. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने ती १९८४ मध्ये विकसित केली. तिची तिसरी आवृत्ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली, तर चौथीची प्रमाणसंहिता २००० मध्ये आली आणि २००३ मध्ये सुधारली गेली. युनिक्स आणि लिनक्स यंत्रांच्या आपसातील देवाणघेवाणीसाठी ही पद्धत सोयीची असते.

दुसरी वाट साम्बाची. विंडोज संगणक फाइलींसाठी एसएमबी नावाची भाषा बोलतात. ती भाषा युनिक्स यंत्रांना शिकवण्याचे काम ऑस्ट्रेलियातील कॅनबरा येथे अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१च्या अखेरीस सुरू केले. एस, एम, बी ही अक्षरे क्रमाने येणारा शब्द शब्दकोशात शोधताना ‘साम्बा’ हे नाव हाती लागले. ज्या कार्यालयात मेजांवर विंडोज आणि कपाटात लिनक्स आहे, तेथे बहुधा साम्बाच काम करीत असते.

दोन्ही वाटांवर फाइलीला तेच टप्पे ओलांडावे लागतात. वापरकर्त्याचा संगणक, केबल, स्विच, सर्व्हरचे नेटवर्क कार्ड, एनएफएस किंवा साम्बाची सेवा, फाइल प्रणाली आणि शेवटी डिस्क. यांपैकी एक टप्पा अडला की मागे रांग लागते आणि वापरकर्त्याला सारेच मंद वाटते. तपासणी म्हणजे रांग कोणत्या टप्प्यापाशी आहे, हे शोधणे.

लोड म्हणजे नेमके काय?

लोड तीन आकड्यांत दिसतो. ते अनुक्रमे गेल्या एक, पाच आणि पंधरा मिनिटांचे चित्र देतात. १८, ९, ४ असा क्रम असेल तर ताण वाढतो आहे आणि ४, ९, १८ असा असेल तर तो ओसरतो आहे. एवढे वाचता आले तरी अर्धी घबराट कमी होते.

हा आकडा प्रोसेसरच्या श्रमाचा नाही, तो रांगेतील माणसांचा आहे. प्रोसेसर वापरणारी आणि त्यासाठी थांबलेली कामे त्यात मोजली जातातच. लिनक्समध्ये मात्र डिस्ककडून उत्तर येण्याची वाट पाहत, मध्येच उठवता न येणाऱ्या निद्रेत असलेली कामेही त्यात धरली जातात. मॅथियास उर्लिक्स यांनी १९९३ मध्ये सुचवलेल्या बदलापासून ही रीत आली. त्यामागचा विचार साधा होता. जलद डिस्क काढून मंद डिस्क बसवली तर यंत्र मंदावते. अशा वेळी लोड उलट कमी दिसू लागला, तर त्या आकड्याला अर्थ काय?

बँकेचे उदाहरण घेऊ. रोखपाल मोकळे बसले आहेत, पण पासबुक छापणाऱ्या एकमेव यंत्रापुढे अठरा माणसे उभी आहेत. दारातून पाहणारा म्हणेल, ‘बँकेत गर्दी फार.’ ते खरेच आहे. मात्र आणखी चार रोखपाल नेमून ही गर्दी हटणार नाही. लोड अठरा आणि प्रोसेसर रिकामा, याचा अर्थ बहुधा हाच.

म्हणून लोडचा आकडा दोन गोष्टींच्या सोबतीने वाचावा. पहिली, प्रोसेसरमधील गाभ्यांची संख्या. चार गाभ्यांच्या यंत्रावर प्रोसेसरच्या कामाचा लोड ४ म्हणजे पूर्ण वापर. सोळा गाभ्यांवर तोच आकडा किरकोळ. दुसरी, कामांची अवस्था. ‘टॉप’च्या यादीत प्रत्येक कामापुढे एक अक्षर असते. ‘आर’ म्हणजे काम चालू आहे किंवा प्रोसेसरसाठी सज्ज आहे. ‘डी’ म्हणजे ते वर सांगितलेल्या निद्रेत आहे. यादीत ‘आर’ अधिक असतील तर प्रोसेसरकडे पाहावे, ‘डी’ अधिक असतील तर डिस्ककडे. त्याच पडद्यावरील ‘डब्ल्यूए’ हा टक्का प्रोसेसर निव्वळ डिस्कची वाट पाहत किती वेळ रिकामा राहिला, ते सांगतो.

डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या ४.२० या कर्नेलपासून आणखी नेमके मोजमाप उपलब्ध झाले. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क या तिघांपैकी कोणासाठी कामे किती टक्के वेळ अडून राहिली, हे ‘प्रेशर’ या नावाच्या नोंदीत स्वतंत्रपणे वाचता येते. ज्यांच्या यंत्रावर ही सोय आहे, त्यांनी लोडपेक्षा तिच्यावर अधिक भरवसा ठेवावा.

आधी नेटवर्क, मग डिस्क

फाइल कॉपी करून वेग पाहणे ही तपासणीची सर्वांत दिशाभूल करणारी रीत आहे. त्यात नेटवर्क आणि डिस्क दोन्ही एकदम मोजली जातात आणि दोष कोणाचा, ते कळत नाही. दोहोंची परीक्षा वेगवेगळी घ्यावी.

नेटवर्कसाठी ‘आयपर्फ’ ही आज्ञावली सर्व्हरवर आणि वापरकर्त्याच्या संगणकावर चालवावी. ती डिस्कला स्पर्श न करता केवळ तारेवरून माहिती धाडते. एक गिगाबिटच्या निरोगी जोडणीवर सेकंदाला सुमारे ९४० मेगाबिट हा आकडा दिसतो. फाइलींच्या भाषेत त्याचा अर्थ सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट. आकडा ९४ मेगाबिटच्या आसपास अडकला असेल, तर जोडणी शंभर मेगाबिटवर उतरली आहे, असे समजावे. गिगाबिटला केबलमधील तारांच्या चारही जोड्या लागतात, शंभर मेगाबिटला दोन पुरतात. मेजाच्या पायाखाली चिरडलेली एक तारही यास कारण होऊ शकते. जोडणी कोणत्या वेगावर ठरली आहे, हे ‘ईथटूल’ ही आज्ञा सांगते.

आकडा याहूनही खाली आणि सतत हेलकावणारा असेल, तर डुप्लेक्स तपासावा. एका टोकाला वेग हाताने ठरवून दिलेला आणि दुसऱ्या टोकाला ‘आपोआप’ अशी योजना असली की एक बाजू एकाच वेळी बोलते व ऐकते, तर दुसरी आळीपाळीने. जोडणी तुटत नाही, पण टकरी होत राहतात. कार्डाच्या नोंदीत चुकांचे आकडे वाढताना दिसले तर केबल, स्विचचे तोंड आणि हा मेळ या क्रमाने पाहावे. मोठ्या आकाराच्या पाकिटांची योजना करताना १५००ऐवजी ९००० बाइटची मर्यादा ठेवली जाते. ती वाटेतील प्रत्येक उपकरणावर सारखी असली पाहिजे, अन्यथा लहान फाइली उघडतात आणि मोठ्या मध्येच अडकतात.

तक्रार एकाच मेजावरची असेल, तर सर्व्हरला हात लावू नये. बिनतारी जोडणीवरील लॅपटॉप आणि केबलवरील संगणक यांची तुलनाही करू नये. सर्वांची तक्रार एकदम आली तरच पुढच्या टप्प्याकडे वळावे.

डिस्कचे साधे गणित

फिरत्या डिस्कचे स्वभावधर्म समजले की पुष्कळ कोडी सुटतात. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा मुखाखाली येण्यास सरासरी चार मिलिसेकंद. मुख सरकण्यासाठी आणखी सुमारे आठ. एकूण बारा मिलिसेकंद धरले, तर ही डिस्क विखुरलेली कामे सेकंदाला जेमतेम ऐंशी करू शकते. सलग वाचताना तीच डिस्क सेकंदाला दीडशे मेगाबाइटही सहज देते.

दोनशे मेगाबाइटची एक फाइल गिगाबिट जोडणीवर दोन सेकंदांत येते. तेवढीच माहिती दहा हजार लहान फाइलींत विभागलेली असेल आणि प्रत्येकीसाठी डिस्कला एकदाच मुख सरकवावे लागले, तरी १२० सेकंद केवळ त्यातच जातात. येथे नेटवर्क किंवा सर्व्हर बिघडलेले नसते, कामाचे स्वरूपच तसे असते. अशा ठिकाणी घनस्थिती डिस्क, म्हणजे एसएसडी, बसवल्याने जो फरक पडतो, तो चौपट ताकदीच्या प्रोसेसरने पडणार नाही.

अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या रेड रचनेतही एक मेख आहे. पाचव्या प्रकारच्या रेडमध्ये एक लहानसा बदल लिहिण्यासाठी जुनी माहिती वाचणे, जुना पडताळा वाचणे, नवी माहिती लिहिणे आणि नवा पडताळा लिहिणे अशी चार कामे होतात. चार डिस्क मिळून सेकंदाला ३२० कामे करीत असतील, तर लहान लेखने उरतात केवळ ऐंशी. चांगल्या नियंत्रक कार्डावर यासाठी स्वतःची मेमरी असते. लेखन आधी तेथे जमा होते आणि सवडीने डिस्कवर उतरते. वीज गेल्यास ही मेमरी जपण्यासाठी कार्डाला बॅटरी असते. बॅटरी निकामी झाली की शहाणे कार्ड ही सवलत स्वतःहून बंद करते आणि प्रत्येक लेखन थेट डिस्कवर नेऊ लागते. कोणतीही घंटा न वाजता सर्व्हर एका दिवसात मंदावतो. काही कार्डे ठरावीक काळाने बॅटरीची चाचणी घेण्यासाठी ती रिकामी करून पुन्हा भरतात. त्या काही तासांतही हेच घडते.

मोजमापासाठी ‘आयोस्टॅट’ ही आज्ञा पाच-पाच सेकंदांच्या अंतराने चालू ठेवावी. तीतील दोन स्तंभ महत्त्वाचे. एक, प्रत्येक कामाला सरासरी किती मिलिसेकंद थांबावे लागले. फिरत्या डिस्कवर दहा-वीस हे स्वाभाविक. शंभराच्या वर सतत राहिले तर रांग तुंबली आहे. दुसरा, डिस्क किती टक्के वेळ व्यग्र होती. एका फिरत्या डिस्कवर हा टक्का शंभराला टेकलेला असेल तर तिची क्षमता संपली. एसएसडी आणि रेड मात्र अनेक कामे एकाच वेळी करीत असल्याने त्यांच्याबाबत शंभर टक्के म्हणजे थकवा असे नव्हे. रेडमधील एकाच डिस्कचा प्रतीक्षाकाळ भावंडांपेक्षा कितीतरी अधिक दिसला, तर तिच्या ‘स्मार्ट’ नोंदी त्वरित पाहाव्यात. मरणपंथाला लागलेली डिस्क बंद पडण्यापूर्वी बहुधा मंदावते. मग वेगाचा विचार नंतर, आधी बॅकअप.

मेमरी : रिकामी नाही म्हणजे अपुरी नव्हे

लिनक्स रिकामी मेमरी वाया घालवीत नाही. अलीकडे वाचलेल्या फाइली तो तेथे ठेवतो आणि गरज पडताच जागा मोकळी करतो. म्हणून ‘फ्री’ आज्ञेतील मोकळ्या मेमरीचा आकडा लहान दिसला तरी घाबरू नये, ‘उपलब्ध’ या स्तंभाकडे पाहावे. खरा धोका ‘व्हीएमस्टॅट’मधील ‘एसआय’ आणि ‘एसओ’ या स्तंभांत दिसतो. तेथे शून्याखेरीज आकडे सतत येत असतील, तर मेमरी खरोखर संपली असून तिच्यातील मजकूर डिस्कवर ये-जा करतो आहे. फाइलींसाठी आधीच दमलेल्या डिस्कवर हे दुसरे ओझे. येथे मेमरी वाढवणे हाच स्वस्त आणि खरा उपाय.

एनएफएसच्या कळा

एनएफएस सर्व्हरवर विनंत्या हाताळणारे ठरावीक सेवक असतात. अनेक वर्षे त्यांची संख्या मुळात आठ ठेवलेली असे आणि जुन्या यंत्रांवर ती आजही तेवढीच आढळते. पन्नास संगणकांना आठ सेवक अपुरे पडू शकतात. मात्र डिस्क अडली असताना सेवकांची संख्या चौसष्ट केली, तर डिस्कपुढील रांग आठाची चौसष्ट होते आणि लोड आणखी चढतो. सेवक वाढवावेत ते डिस्क मोकळी आणि विनंत्या खोळंबलेल्या असतील तेव्हाच. सेवक किती व्यग्र आहेत, हे दाखवणारी आकडेवारी जुनी मार्गदर्शने वाचावयास सांगतात. २००९ नंतरच्या कर्नेलवर ती शून्यच दिसते. तिच्यावरून निष्कर्ष काढू नये.

वापरकर्त्याच्या यंत्रावर ‘एनएफएसस्टॅट’ आज्ञा दिल्यास किती विनंत्या पुन्हा पाठवाव्या लागल्या, ते कळते. हा आकडा वाढत असेल तर नेटवर्क गळते आहे किंवा सर्व्हर वेळेत उत्तर देत नाही. प्रथम जोडणीलाच दहा-वीस सेकंद लागत असतील आणि नंतर वेग ठीक असेल, तर पत्त्यावरून नाव शोधणाऱ्या सेवेकडे पाहावे. सर्व्हर समोरच्या यंत्राचे नाव विचारीत असतो आणि उत्तर देणारे कोणी नसते.

आता सर्वांत मोहक कळ. सर्व्हरवर फाइली खुल्या करताना ‘सिंक’ आणि ‘असिंक’ असे दोन पर्याय असतात. ‘सिंक’मध्ये माहिती डिस्कवर पोहोचल्याखेरीज सर्व्हर ‘झाले’ असे कळवीत नाही. ‘असिंक’मध्ये तो माहिती हाती येताच ‘झाले’ म्हणतो आणि लिहितो नंतर. वेग डोळ्यांत भरेल इतका वाढतो. तथापि त्या दरम्यान वीज गेली, तर वापरकर्त्याला जतन झाल्याची खात्री मिळालेली फाइल अर्धवट राहते किंवा नाहीशी होते आणि ती चूक कोणालाही कळत नाही. एनएफएसच्या आज्ञावली संचात १.०.० आवृत्तीपर्यंत ‘असिंक’ ही मूळ निवड होती. त्यानंतर ती ‘सिंक’ करण्यात आली. पुन्हा तयार करता येईल अशा तात्पुरत्या माहितीसाठी ‘असिंक’ वापरण्यास हरकत नाही. नकाशे, हिशेब आणि रुग्णांच्या नोंदी यांसाठी ती जोखीम कोणी घेऊ नये. तिसऱ्या आवृत्तीपासून एनएफएसमध्येच लेखने जमा करून शेवटी एकदम पक्की करण्याची सुरक्षित सोय आहे. वेगासाठी सुरक्षितता विकण्याचे कारण त्यामुळे पूर्वीइतके उरलेले नाही.

वापरकर्त्याच्या बाजूने ‘हार्ड’ आणि ‘सॉफ्ट’ ही जोडी असते. ‘हार्ड’ जोडणीत सर्व्हर गप्प झाला तर काम अनंतकाळ थांबून राहते. अशी अनेक कामे ‘डी’ अवस्थेत साचली की वापरकर्त्याच्या यंत्राचाच लोड शंभरावर जातो, आणि प्रोसेसर स्वस्थ असतो. दोष त्या यंत्राचा नसतो, पलीकडच्या सर्व्हरचा असतो. ‘सॉफ्ट’मध्ये काम चूक दाखवून सुटते, परंतु लेखन अर्धवट राहण्याचा धोका असतो. लेखन होणाऱ्या ठिकाणी ‘हार्ड’च ठेवणे इष्ट.

साम्बाच्या खोडी

साम्बाच्या सर्व्हरवर ‘एसएमबीस्टेटस’ ही आज्ञा कोण जोडले आहे, कोणती फाइल कोणी धरून ठेवली आहे आणि जोडणी एसएमबीच्या कोणत्या आवृत्तीवर आहे, हे दाखवते. पहिली आवृत्ती अतिशय बोलघेवडी होती. तिच्यात शंभराहून अधिक प्रकारच्या आज्ञा होत्या. २००६ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकोणीसवर आल्या आणि हेलपाटे कमी झाले. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने पहिल्या आवृत्तीतीलच छिद्र वापरले होते. सप्टेंबर २०१९ मधील साम्बा ४.११ पासून ती मुळातच बंद ठेवलेली असते. एखाद्या जुन्या स्कॅनरसाठी कोणी ती पुन्हा चालू केली असेल, तर वेग आणि सुरक्षा या दोहोंसाठी तो निर्णय तपासून पाहावा.

दुसरी खोड मोठ्या फोल्डरांची. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसतात, रोमन लिपीत असतात. विंडोज त्यांत भेद मानीत नाही, लिनक्स मानते. विंडोजने एखादी फाइल मागितली आणि त्या नेमक्या नावाची सापडली नाही, तर लहान-मोठ्या अक्षरांचा दुसरा मेळ असेल म्हणून साम्बाला सगळे फोल्डर चाळावे लागते. फोल्डरात पन्नास फाइली असतील तर हे जाणवत नाही. स्कॅन केलेली एक लाख पाने एकाच फोल्डरात टाकली असतील, तर प्रत्येक नव्या फाइलीच्या वेळी लाख नावे वाचली जातात. या वेळी मात्र प्रोसेसरही तापतो. सर्व नावे एकाच लिपीरूपात ठेवून साम्बाला नावे काटेकोरपणे तपासण्यास सांगणे हा एक उपाय आहे. वर्ष आणि महिना यांनुसार उपफोल्डर करणे हा त्याहून सोपा.

तिसरी खोड वारशाने आलेली आहे. २००० च्या दशकातील मार्गदर्शनांत सॉकेटच्या आकारांची एक ओळ सर्रास दिलेली असे आणि ती आजही एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर उतरवली जाते. आजचे लिनक्स हे आकार गरजेनुसार आपोआप कमी-जास्त करते. ती ओळ लिहिल्याने ही सोय बंद पडते आणि वेग वाढण्याऐवजी घटू शकतो. साम्बाची स्वतःची माहितीपुस्तिकाही याबाबत सावध करते. दोष शोधताना नोंदींची पातळी दहावर नेऊन नंतर तशीच विसरणे, हेही मंदपणाचे नेहमीचे कारण. प्रत्येक हालचाल डिस्कवर लिहिली जात असते.

लांबच्या शाखेतून होणाऱ्या तक्रारींचे गणित निराळे. दोन कार्यालयांत जाऊन-येऊन तीस मिलिसेकंद लागत असतील आणि प्रत्येक लहान फाइलीसाठी तीन हेलपाटे होत असतील, तर दहा हजार फाइलींना पंधरा मिनिटे लागतात. जोडणी दुप्पट रुंद केली तरी हेलपाट्याचा वेळ तोच राहतो. अशा फाइली एकत्र बांधून, एक गठ्ठा करून पाठवणे बरे.

वेळापत्रकातील पाहुणे

मंदपणा ठरावीक वेळीच येत असेल, तर यंत्रापेक्षा घड्याळ पाहावे. लांबलेला रात्रीचा बॅकअप सकाळच्या कामात मिसळतो. फाइलींची सूची बनवणारे काम सामायिक फोल्डरांतही शिरते. पंचवीस संगणकांवरील विषाणूरोधक एकाच वेळी सर्व्हरवरील फोल्डर तपासू लागतात. डेबियन प्रणालीत सॉफ्टवेअर रेडची मासिक पडताळणी महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री एकच्या सुमारास सुरू होण्याची प्रथा आहे. डिस्क मोठ्या असतील तर ती सोमवारी कार्यालय उघडेपर्यंत रेंगाळू शकते. ‘आयोटॉप’ ही आज्ञा त्या क्षणी डिस्क कोण वापरीत आहे, ते नावानिशी दाखवते.

लक्षण आणि पहिला संशय

१. लोड अधिक, प्रोसेसर रिकामा, ‘डी’ अवस्थेतील कामे पुष्कळ : डिस्क, रेड कार्ड किंवा पलीकडचा एनएफएस सर्व्हर.

२. लोड अधिक, प्रोसेसर पूर्ण व्यग्र : एखादे भरकटलेले काम, प्रचंड मोठे फोल्डर, सांकेतिकीकरण.

३. लोड नगण्य, तरी सर्वांच्या फाइली मंद : नेटवर्क, स्विच, नाव शोधणारी सेवा.

४. एकाच मेजावर मंदपणा : केबल, कार्ड, बिनतारी जोडणी.

५. मोठ्या फाइली जलद, लहान मंद : डिस्कचे मुख सरकणे, हेलपाटे, विषाणूरोधक.

६. वाचन जलद, लेखन मंद : रेड कार्डाची बॅटरी, पाचव्या प्रकारचे रेड, ‘सिंक’ लेखन.

७. ठरावीक वेळी मंदपणा : बॅकअप, पडताळणी, सूची.

त्या कार्यालयाचे काय झाले असते?

सुरुवातीच्या कार्यालयाकडे परत जाऊ. नवा सर्व्हर मागवण्याऐवजी तंत्रज्ञाने अर्धा तास दिला असता, तर चित्र असे उलगडले असते. तक्रार सर्वांची, म्हणून एका केबलचा दोष नाही. ‘आयपर्फ’चा आकडा ९४०, म्हणून नेटवर्क निरोगी. ‘टॉप’मध्ये साम्बाची सतरा-अठरा कामे ‘डी’ अवस्थेत, म्हणजे रांग डिस्कपाशी. ‘आयोस्टॅट’मध्ये लेखनाचा प्रतीक्षाकाळ दोनशे मिलिसेकंदांच्या पुढे, वाचनाचा त्या मानाने बराच कमी. वाचन बरे आणि लेखन वाईट, म्हणून यादीतील सहावा संशय. रेड कार्डाच्या नोंदी उघडल्या, तर आदल्या दिवशीची एक ओळ : बॅटरी निकामी, लेखनाची सवलत बंद. नव्या सर्व्हरची नव्हे, एका बॅटरीची गरज.

त्याच ठिकाणी कार्डाला ‘बॅटरी नसली तरी सवलत चालू ठेव’ असे सांगण्याचीही सोय असते. ती कळ फिरवली तर तक्रारी त्या दुपारीच थांबतील. मग पावसाळ्यातील एखाद्या संध्याकाळी वीज जाईल आणि दिवसभराचे नकाशे, कदाचित संपूर्ण फाइल प्रणालीच, मोडून पडेल. बॅटरी येईपर्यंतचे चार मंद दिवस त्यापेक्षा परवडतात, हे कार्यालयाच्या प्रमुखाला समजावून सांगणे हा तंत्रज्ञाच्या कामाचाच भाग आहे.

दोन पथ्ये मात्र प्रत्येक ठिकाणी पाळावीत. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याच्या आधीचा व नंतरचा आकडा वहीत लिहावा. पाच कळा एकदम फिरवल्यावर वेग आला, तर तो कशाने आला ते कळत नाही, आणि गेला तर परत आणता येत नाही. दुसरे, सर्व्हर व्यवस्थित चालू असतानाच त्याचे आकडे नोंदवून ठेवावेत. सोमवारी सकाळी लोड सहसा किती असतो, डिस्कचा प्रतीक्षाकाळ किती, आयपर्फ किती दाखवतो, याची एका पानाची नोंद पुरे. निरोगी माणसाची नाडी ठाऊक असेल तरच तापाची नाडी ओळखता येते. ‘सिसस्टॅट’ हा संच बसवला तर ही नोंद दर दहा मिनिटांनी आपोआप होत राहते. दुखणे आले की कालचा आणि आजचा आकडा शेजारी ठेवता येतो.